मळ्यातील पाहुणे आणि शेजाऱ्याची झोप

निफाड तालुक्यातील मळ्यांतून द्राक्षे, कांदा आणि गहू यांच्या जोडीला आता पाहुणेही उतरू लागले आहेत. गारपीट, अवेळी पाऊस आणि बाजारभावाची घसरण यांनी गांजलेल्या बागाईतदाराने मळ्यात दोन-चार खोल्या बांधाव्यात, त्या मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना एक-दोन रात्रींसाठी द्याव्यात आणि त्यातून घरखर्चाला हातभार लागावा, ही कल्पना निश्चितच स्वागतार्ह होय. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवास व न्याहारी योजना या मार्गावर पूर्वीपासून होतीच. २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरणही जाहीर केले. विंचूर येथील द्राक्षरस उद्योगाचे उद्यान, लासलगाव व पिंपळगाव बसवंत यांच्या बाजारपेठा आणि नांदूर मधमेश्वरचा जलाशय एकाच तालुक्यात असल्यामुळे येथे पाहुण्यांना दाखविण्यासारखे पुष्कळ आहे. जोडधंदा म्हणून याला भवितव्य आहे, याविषयी दुमत नाही.

या धंद्याच्या अनेक अंगांची चर्चा होते. खोल्या किती असाव्यात, भाडे किती घ्यावे, चुलीवरचे जेवण द्यावे की गॅसवरचे, यांवर बागाईतदार तासन्‌तास बोलतात. एका प्रश्नाची चर्चा मात्र बहुधा बांधावरच होते, आणि तीही चढ्या आवाजात. तो प्रश्न म्हणजे पाहुण्यांचा रात्रीचा गोंगाट. तो वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या मळ्यात तो वेळीच सुटत नाही, तेथे पाहुण्यांचा धंदा तर बसतोच, शिवाय पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजारही मोडतो.

घडते ते बहुधा असे. शनिवारी सायंकाळी दोन किंवा तीन मोटारी मळ्यात येतात. मागणी सहा जणांची असते, उतरतात दहा जण. ही मंडळी चांगल्या घरची, नोकरीधंद्याची, शिकलेली असतात. त्यांच्या मनात कोणास त्रास देण्याचा विचारही नसतो. आठवडाभर बंद घरांत आणि बंद कचेऱ्यांत कोंडलेली ही माणसे मोकळ्या आकाशाखाली आल्यावर साहजिकच मोकळी होतात. शेकोटी पेटते, गाण्यांच्या भेंड्या सुरू होतात, नंतर कोणी तरी मोटारीतून एक लहानसा ध्वनिवर्धक काढतो आणि तो ओट्यावर ठेवतो. भोवती दिवा दिसत नाही, घर दिसत नाही, केवळ अंधार आणि द्राक्षांचे मांडव दिसतात. येथे ऐकणारे कोणी नाही, असा त्यांचा प्रामाणिक समज होतो. आणि त्या अंधारात, तीनशे मीटरांवर, पहाटे चारला उठणारे एक कुटुंब कूस बदलीत पडलेले असते.

येथे निफाडच्या हवेविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण हा प्रश्न निफाडात इतर ठिकाणांहून अधिक तीव्र आहे. राज्यातील थंडीच्या नीचांकी नोंदींत निफाडचे नाव दरवर्षी वाचावयास मिळते. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्राच्या तापमापकाने हे नाव सर्वतोमुखी केले आहे. अशा निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा अतिशय गार होते आणि तिच्या वरचा थर तुलनेने उबदार राहतो. दिवसा जो आवाज वर वळून आकाशात विरून जातो, तोच आवाज या उलट्या थरांमुळे खाली वाकतो आणि जमिनीला धरून दूरवर जातो. पहाटे लांबच्या रेल्वेची शिटी जणू शेजारीच वाजल्यासारखी ऐकू येते, तिचे कारण हेच. पाहुण्यांची गर्दी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, म्हणजे द्राक्षे भरत असताना आणि हुरड्याच्या दिवसांत असते. ज्या महिन्यांत पाहुणे सर्वांत अधिक, त्याच महिन्यांत आवाज सर्वांत लांब जाणार, असा हा योग आहे.

आवाजाचे गणित बागाईतदाराने एकदा समजून घेतले म्हणजे पुष्कळ वाद मिटतात. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. एखादा ध्वनिवर्धक एक मीटरवर ९५ डेसिबल आवाज देत असेल, तर दहा मीटरवर तो ७५, शंभर मीटरवर ५५ आणि तीनशे मीटरांच्या थोडे पुढे गेल्यावर ४५ डेसिबलवर येतो. म्हणजे ओट्यावर बसलेल्या मंडळींना जो आवाज ‘बेताचा’ वाटतो, तो नियमाच्या मर्यादेत येण्यास एकरभराची जागा मुळीच पुरत नाही. हेही साधे हिशेबाचे गणित झाले. थंडीच्या रात्री अंतर याहून वाढते. त्यातही ढोलासारखा जो जड ठोका असतो, तो भिंती व खिडक्या यांतून सहज आत शिरतो. शेजारच्या घरात गाण्याचे शब्द पोहोचत नाहीत, चालही पोहोचत नाही. पोहोचतो तो केवळ ठोका, आणि झोप मोडण्यास तेवढा पुरे होतो.

शेजाऱ्याची रात्र ही पाहुण्याच्या रात्रीसारखी विश्रांतीची असतेच असे नाही, हे शहरातील माणसास ठाऊक नसते. पण मळ्याच्या मालकास ठाऊक असते. जेथे शेतीपंपांना दिवसाची वीज अद्याप पोहोचलेली नाही, तेथे पाण्याची पाळी रात्री येते. गव्हाला पाणी देण्याकरिता माणूस रात्री बाराला उठतो आणि त्याआधी मिळेल ती तीन तासांची झोप हीच त्याची रात्र असते. थंडीची लाट आली की द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करणे, पाणी सोडणे ही कामे असतात. गोदाकाठच्या उसात व बागांत बिबट्याचा वावर आहे. रात्री पाणी भरणारा माणूस डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबून असतो. कुत्र्याचे भुंकणे, गुरांची चुळबुळ, पाचटाची खसखस हे त्याचे इशारे होत. त्या वेळी शेजारच्या मळ्यातून ठोक्याचा आवाज येत राहिला, तर त्याचे कान बंद केल्यासारखेच झाले. छाटणीच्या व तोडणीच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजूर कुटुंबे बांधावर पालात राहतात. त्यांच्या आणि आवाजाच्या मध्ये भिंतसुद्धा नसते. आणि त्यांची तक्रार तर कोणाच्याच कानी जात नाही.

जनावरांचेही तसेच. गाय अथवा म्हैस अचानक आवाजाने बिथरली की तिच्या रक्तात अॅड्रेनलिन उतरते आणि पान्हा सोडविणाऱ्या ऑक्सिटोसिनचे काम अडते. शेतकऱ्याच्या भाषेत ती पान्हा चोरते. कोंबड्यांच्या शेडमध्ये याहून वाईट घडू शकते. फटाक्याच्या एका आवाजाने पिले घाबरून एका कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. पाहुण्यांच्या वाढदिवसाची एक माळ शेजाऱ्याच्या कुक्कुटपालनाच्या हप्त्यावर अशी येऊन पडू शकते.

याला काही बागाईतदारांचे एक उत्तर ठरलेले आहे. गावात लग्नाला मध्यरात्रीपर्यंत वाद्ये वाजतात, सप्ताहाचा कर्णा आठ दिवस चालतो, निवडणुकीत तर विचारूच नये. मग चार पाहुणे हसले-गायले तर एवढे काय बिघडले? हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो, पण तो टिकण्यासारखा नाही. लग्नाचा गोंगाट ज्याच्या कानी पडतो, तो त्या लग्नाला जेवावयास गेलेला असतो. आज त्याने सोसले ते उद्या त्याच्या मुलीच्या लग्नात दुसरा सोसणार असतो. गावातील आवाजाला अशी परतफेड असते. तरीही तो मर्यादेबाहेर जाऊ नये हे खरेच, आणि त्या बाबतीत गावांनी आपले घर सावरणे जरूर आहे. पाहुण्यांच्या आवाजाला मात्र कोणतीच परतफेड नाही. पाहुणा रविवारी दुपारी निघून जातो, भाड्याचे पैसे एका घरात राहतात आणि जागरण दुसऱ्या घरात राहते. भांडणाचे मूळ आवाजाच्या मोठेपणापेक्षा या विषम वाटणीत अधिक असते.

आणि शेतकऱ्यांचा शेजार म्हणजे शहरातील मजल्यावरचा शेजार नव्हे. दोघांची विहीर सामाईक असते, रोहित्र एक असते, शिवरस्ता एक असतो, उभ्या पिकातून ट्रॅक्टर न्यावयाचा तर परवानगी एकमेकांची लागते. ज्या शेजाऱ्याची तीन शनिवार झोप मोडली, तो चौथ्या शनिवारी गोंगाटाविषयी बोलत नाही. तो बांधाची मोजणी मागवितो किंवा पाहुण्यांच्या मोटारी ज्या वाटेने येतात त्या वाटेवर नांगर घालतो. त्या वेळी कोणी म्हणेल की हा रस्त्याचा तंटा आहे. वस्तुतः तो झोपेचाच तंटा असतो, फक्त नाव बदललेले असते.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीचे केंद्र शासनाचे नियम २००० सालचे असून ते पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ खाली केलेले आहेत. त्यांप्रमाणे रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा होय. ध्वनिक्षेपक लावण्यास लेखी परवानगी लागते आणि रात्री १० नंतर तो उघड्या जागेत लावता येत नाही. खाजगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक असता कामा नये, अशीही तरतूद आहे. आवाजी फटाके रात्रीच्या वेळी उडविण्यास मनाई आहे. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयात, बोलण्याच्या स्वातंत्र्यात न ऐकू इच्छिणाऱ्याच्या कानी आवाज लादण्याचा हक्क येत नाही, हे तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले आहे. मळा आपल्या मालकीचा आहे, हे उत्तर त्यामुळे चालत नाही. जमीन मालकीची असते. तिच्यावरून पलीकडे जाणारा आवाज मालकीचा नसतो.

परंतु कायद्याने हा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा बाळगणे व्यर्थ होय. रात्री अकरा वाजता मळ्यात पोलिसांना बोलाविण्याची वेळ आली, म्हणजे मालकाची व्यवस्था सायंकाळी सातलाच फसलेली असते. खरी व्यवस्था तर त्याहून आधी, मागणी नोंदविताना व्हावयास हवी.

दूरध्वनीवर मागणी आली की पुष्कळ मालक फक्त दोन गोष्टी विचारतात, दिवस कोणता आणि माणसे किती. तिसरी गोष्ट विचारलीच पाहिजे, ती म्हणजे येण्याचे निमित्त. आजी-आजोबांसह येणारे कुटुंब आणि परीक्षा संपवून येणारे बारा तरुण यांना एकच जागा एकाच अटीवर देणे शहाणपणाचे नाही. तरुणांना जागा नाकारावी असे मुळीच नाही. मळा पाहण्याची आवड त्यांना लागली तर ते हवेच आहे. मात्र त्यांना रात्री दहाची मर्यादा पैसे घेण्यापूर्वी सांगावी, पैसे घेतल्यानंतर नव्हे. आधी सांगितलेली अट ही अट असते. नंतर सांगितलेली अट ही कटकट वाटते. जे निव्वळ गाण्याबजावण्याकरिता जागा शोधीत असतात, ते आधीच सांगितल्यावर आपोआप दुसरीकडे जातात, आणि त्या शनिवारची खोली रिकामी राहिली तरी तो तोटा समजू नये. अनामत रक्कम घ्यावयाची असेल तर ती कशासाठी आणि कोणत्या कारणाने कापली जाईल, हे चार ओळींत मराठीत व हिंदीत लिहून द्यावे. माणसांची संख्या ठरली असेल त्याहून अधिक आल्यास काय होईल, हेही त्याच कागदावर असावे, कारण गोंगाटाचे अर्धे मूळ न सांगता आलेल्या माणसांत असते.

लग्न, साखरपुडा, कंपन्यांचे मेळावे यांना जागा देणे हा निराळाच धंदा आहे. त्याला निराळ्या परवानग्या लागतात, निराळी जागा लागते आणि शेतीशी त्याचा संबंध केवळ पार्श्वभूमीपुरता असतो. कृषी पर्यटनाच्या नावाखाली तो चालविणाऱ्यांनी या नावाला जो डाग लावला आहे, त्याची किंमत उद्या प्रामाणिकपणे पाहुणे ठेवणारा लहान बागाईतदार भरील, अशी चिन्हे आहेत.

जागेची मांडणीही महत्त्वाची. शेकोटीची व बसण्याची जागा नेहमी शेजारच्या वस्तीपासून घराच्या पलीकडच्या अंगास असावी, म्हणजे घराची भिंतच आड येते. पुष्कळांचा समज असा की कुंपणाला दाट झाडी लावली की आवाज थांबतो. दोन-तीन मीटर रुंदीच्या झाडीने आवाज फारसा अडत नाही. दृष्टी अडते म्हणून मनास तसे वाटते, एवढेच. भरीव भिंत, मातीचा उंच बांध, कांद्याची भरलेली चाळ किंवा गोठ्याची मागील बाजू यांचा उपयोग त्याहून अधिक होतो, आणि तोही ती आवाजाच्या जवळ असली तर. मोटारी कोठे उभ्या राहतात याकडे तर कोणीच लक्ष देत नाही. दार उघडे ठेवून मोटारीतील गाणी लावणे, रात्री निघताना हॉर्न वाजविणे, दारे आपटणे, दिव्यांचा झोत समोरच्या ओसरीवर पडणे, हे सर्व वाहनतळाच्या जागेवर अवलंबून आहे. वाहनतळ बसण्याच्या जागेपासून शंभर पावले दूर ठेवला तर मोटारीतील गाणी आपोआप बंद होतात, कारण ऐकावयास कोणी तेथे बसत नाही.

ध्वनिवर्धक मळ्यात आणू द्यावा की नाही, यावर मतभेद आहे. दहापर्यंत हळू आवाजात लावू द्यावा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. व्यवहारात ‘हळू’ या शब्दाला मोजमाप नाही. जसजशी रात्र चढते तसतसा माणसांचा आवाज चढतो, माणसांचा चढला म्हणून यंत्राचा चढवावा लागतो, आणि यंत्राचा चढला म्हणून माणसे ओरडून बोलू लागतात. उघड्या अंगणात यंत्र नकोच, हा नियम कठोर वाटला तरी पाळण्यास सोपा आहे. गाणे ज्यांना हवे त्यांनी गळ्याने गावे. पेटी, डफ घरात ठेवावेत. गळ्याने गाणाऱ्या मंडळींना दहाच्या सुमारास झोप येते, यंत्राला येत नाही.

जेवणाच्या वेळेचा येथे मोठा संबंध आहे. पाहुणे सहाला येतात, चहा होतो, आणि मालकीणबाई एकट्याच चुलीशी असल्यामुळे भाकरी दहाला पानात पडतात. मग गोंगाट बाराला संपला तर दोष पाहुण्यांचा किती आणि स्वयंपाकाच्या वेळेचा किती, याचा विचार व्हावा. आठला पाने मांडली तर नऊला हात धुतले जातात आणि साडेनऊला थंडी आपले काम करू लागते. यासाठी मदतीस एक बाई लावावी लागली तरी लावावी. या धंद्याचा सर्व भार घरच्या बायकांच्या कंबरेवर टाकून मालकाने केवळ गप्पा माराव्यात, असे चित्र अनेक मळ्यांतून दिसते. ते कोणत्याही अंगाने शोभणारे नाही.

सांगावयाची वेळ साडेनऊची, साडेअकराची नव्हे. आणि सांगावयाचे ते कारणासह. “दादा, आवाज बंद करा, पोलीस येतील,” असे म्हटल्याने पाहुणा दुखावतो आणि हट्टास पेटतो. तेच, “दादा, पलीकडे अण्णांची वस्ती आहे. त्यांना बाराला गव्हाच्या पाण्यावर जायचे आहे, आत्ता जरा डोळा लागला असेल. आणि ताई, पहाटे आपल्याला धारा काढताना पाहावयाचे आहे ना? तर दहाला दिवे मालवू या,” असे म्हटले तर दहांतील नऊ पाहुणे लाजून गप्प होतात. शहरातील माणूस स्वभावाने निष्ठुर नसतो. त्या अंधारात एक माणूस झोपला आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. हे सांगण्याचे काम गड्यावर किंवा शाळकरी मुलावर सोपवू नये. गड्याचे कोणी ऐकत नाही आणि अपमान मात्र त्याचा होतो.

दहावा पाहुणा ऐकत नाही, तेव्हा काय करावे? दुसऱ्यांदा जाताना मालकाने घरातील आणखी एका वडीलधाऱ्या माणसास बरोबर घ्यावे, मागणी ज्याच्या नावे आहे त्या एकट्यास बाजूस बोलवावे आणि लिहून दिलेल्या कागदाची आठवण द्यावी. सर्वांसमोर बोलले की प्रश्न मानापमानाचा होतो. मद्य घेतलेल्या माणसाशी रात्री हिशेब करू नये; अनामतीचे बोलणे सकाळी चहानंतर करावे. धाकदपटशा, हातघाई किंवा स्त्रियांची कुचंबणा होण्याचा प्रसंग दिसला, तर संकोच न करता ११२ या क्रमांकावर मदत मागावी. काही मालक अशा वेळी विजेचा खटका पाडतात आणि त्यात त्यांना मोठी युक्ती केल्याचे समाधान मिळते. हा प्रकार सर्वस्वी अनुचित आहे. अपरिचित जागी, विहीर कोठे आहे हे ठाऊक नसलेल्या, मुलाबाळांसह आलेल्या माणसांना बिबट्याच्या प्रदेशात अंधारात ठेवणे म्हणजे गोंगाट थांबविण्याकरिता अपघातास निमंत्रण देणे होय.

या सर्व उपायांच्या मुळाशी एक अट आहे, आणि ती म्हणजे मालक मळ्यावर राहत असला पाहिजे. जेथे मालक नाशिकला बंगल्यात राहतो, किल्ली गड्याजवळ असते आणि मागण्या भ्रमणध्वनीवरून घेतल्या जातात, तेथे वरीलपैकी एकही उपाय लागू पडत नाही. लोणावळा व अलिबागकडच्या भाड्याच्या बंगल्यांविषयी जी ओरड ऐकू येते, तिचे मर्म हेच आहे. असे बंगले जगभर डोकेदुखी ठरले आहेत. घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये आपल्या नोंदणीतील घरांत मेजवान्यांचे मेळावे भरविण्यास जगभर बंदी घातली आणि जून २०२२ मध्ये ती कायम केली. इटलीने याच्या पुष्कळ आधी, १९८५ साली, शेतावरील पर्यटनाचा कायदा केला. पाहुणे ठेवणारा हा शेतकरीच असावा आणि पाहुण्यांचा धंदा शेतीशी जोडलेला राहून शेतीचे प्राधान्य टिकावे, हे त्या कायद्याचे सूत्र २००६ च्या नव्या कायद्यातही कायम राहिले. आपल्याकडेही जो स्वतः पहाटे उठून बागेत जातो, त्याच्या मळ्यातील पाहुणे रात्री लवकर निजतात. ज्याची स्वतःची झोप मोडत नाही, त्याला शेजाऱ्याच्या झोपेची किंमत कळणे कठीण.

नाण्याची दुसरीही बाजू आहे. कधी तक्रार पाहुण्यांची असते. पहाटे फवारणीचा पंखा सुरू झाला, विहिरीवरची मोटर घरघरली, कोंबडा चारलाच आरवला, शेजारचा ट्रॅक्टर कांदे भरून लासलगावी निघाला, तर शांततेकरिता पैसे मोजून आलेला पाहुणा नाराज होतो आणि तशी नोंदही करून जातो. अशा वेळी पाहुण्याच्या समाधानाकरिता शेजाऱ्यास फवारणी थांबविण्याची विनंती करणारे मालकही निघाले आहेत. ही सर्वथा उलटी गंगा झाली. फ्रान्समध्ये ओलेरों बेटावरील मोरिस नावाच्या एका कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध सुटीपुरते येणाऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला होता. २०१९ साली निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या देशाने ग्रामीण भागातील आवाज व वास हा तेथील वारसा मानणारा कायदाच केला. मळ्यातील कामाचा आवाज आणि करमणुकीचा आवाज यांना एका तराजूत घालता येत नाही. पहाटे कोणते आवाज होतील, हे पाहुण्यांस आदल्या सायंकाळी सांगून टाकावे; ज्यास ते चालणार नाहीत त्यास आधीच कळलेले बरे.

निफाडच्या बागाईतदारास या कामी निसर्गाने एक साधन हाताशी दिले आहे, त्याचा उपयोग मात्र फारच थोडे करतात. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मधमेश्वर अभयारण्याची रामसर यादीतील पाणथळ म्हणून घोषणा २०२० च्या जानेवारीत झाली. असा मान मिळविणारे ते महाराष्ट्रातील पहिलेच स्थळ. हिवाळ्यात दूरदेशींची बदके व पाणपक्षी तेथे उतरतात आणि ते पाहण्याची उत्तम वेळ सूर्योदयाची असते. सायंकाळी पाने वाढतानाच, सकाळी साडेपाचला खाणगाव थडीकडे निघावयाचे आहे असे ठरवून टाकले, तर लहान मुलेच मोठ्यांना निजवितात. नाही कोणास पक्षी पाहावयाचे, तर गोठ्यात धार पाहावी, दवाने ओले घड पाहावेत, पिंपळगावला टोमॅटोचे किंवा लासलगावला कांद्याचे लिलाव पाहावेत. ज्याला पहाटेचे आकर्षण दाखविले नाही, त्याला रात्र वाढविण्यावाचून दुसरे काम उरत नाही.

राहिला शेजारी. पाहुणे येणार ते त्याला आधी सांगावे, आणि मालकाचा भ्रमणध्वनी क्रमांक त्याच्याजवळ असावा, म्हणजे रात्री त्याने बांधावर येऊन ओरडण्याऐवजी फोन करावा. तो फोन कितीही वाजता आला तरी उचलावा. महिन्यातून एखादा शनिवार पाहुण्यांविना ठेवता आला तर ठेवावा. पाहुण्यांना लागणारे दूध, भाजी, अंडी त्याच्याकडून रोखीने घ्यावीत. त्याचा मुलगा पक्षी ओळखणारा असेल तर सकाळी वाट दाखविण्याचे काम व त्याचे पैसे त्याला द्यावेत. ज्या घरात पाहुण्यांचे चार पैसे जातात, त्या घरातून तक्रार आली तर ती वेळेवर व नीट शब्दांत येते. आणि ज्याच्याकडून घेण्यासारखे काहीच नाही असा शेजारी, म्हणजे बांधावरच्या पालातील तोडणीचे मजूर, त्यांच्याकडे मालकाने सोमवारी सकाळी स्वतः जावे आणि शनिवारची रात्र कशी गेली ते विचारावे.